‘डिस’चे शब्द आणि मांड्यांचा डबा

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हिरव्या मखमलीचा एक फळा आहे, टाचण्या लावायचा. दर महिन्याला एका टीचरने तो सजवायचा. डिसेंबर माझ्याकडे आला आणि मुख्याध्यापिकांनी विषय दिला: ‘डिस’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि ते आले कुठून. मला बरं वाटलं. फळ्याशी बोलावं लागत नाही.

मी इंग्रजी मीडियममध्ये शिकले, वरणगावला. वडील तिथे ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. शेजारी बंगाली, पलीकडे तमिळ, समोर जबलपूरकडचे लोक. शाळेत मी फारशी बोलायचे नाही, त्याऐवजी डिक्शनरी वाचायचे. शब्दाचा अर्थ संपला की शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हा कोणत्या भाषेतून आला, आधी त्याचा अर्थ काय होता. मला अर्थापेक्षा तेच आवडायचं. आपल्या भाषेतल्या शब्दांना कुणाच्या तरी घराचा वास असतो. आई बोलते ते शाळेतल्या मराठीच्या बाई बोलायच्या नाहीत, आणि बाईंसारखं बोललं की आजोळी, धुळ्याकडे, सगळे मला हसायचे. इंग्रजी शब्द कुणाच्याच घरचे नव्हते. निदान मला तसं वाटायचं.

वडील रिटायर झाल्यावर आम्ही जळगावला आलो आणि जूनमध्ये मी या शाळेत लागले. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मोठ्या मॅडमनी हाताला धरून मला टेबलाशी बसवलं. मोठ्या मॅडम म्हणजे स्टाफमध्ये सगळ्यांत जुन्या, मराठी शिकवणाऱ्या. त्यांची जामनेर रोडला केळीची बाग आहे आणि शाळेत त्यांचा शब्द चालतो.

“इथे माझं-तुझं नसतं हं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचे डबे मधे.”

आणि खरंच तसंच होतं. झाकणं उघडायची, डबे मधे सरकवायचे, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. आईच्या शेवभाजीला पहिल्या आठवड्यात नाव झालं. गणिताच्या मॅडमनी पोळीने डबा पुसून घेतला आणि म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, उद्यापासून माझ्या सासूला शिकवायला या.” मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याला आणखी एक कप्पा लागला.

मग ऑगस्टमध्ये मोठ्या मॅडम युनिट टेस्टचे पेपर द्यायला स्कूटीवरून आमच्या घरी आल्या. आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं. आमच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, आणि त्याच्या शेजारी निळ्या कोटातला दुसरा. आम्ही बौद्ध आहोत हे मी शाळेत लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. आमच्या आडनावावरून पटकन कळत नाही. मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या ग्लासकडे.

“आत्ताच चहा पिऊन निघाले,” त्या म्हणाल्या, आणि ग्लास टीपॉयवर ठेवला.

चहा प्यायला म्हणून पाणी नको, हे कारण मी पहिल्यांदा ऐकलं. त्या गेल्यावर आईने ते पाणी मोगऱ्याला घातलं आणि म्हणाली, बाई फार घाईत होती.

त्यानंतर वरवर काही बदललं नाही. खुर्ची तीच राहिली, हसणं तेच राहिलं, माझ्या ड्रेसचं कौतुकही झालं. फक्त माझ्या डब्यात चमचा येईना. एकीला पित्त झालं. एकीने लसूण सोडला. गणिताच्या मॅडमचे उपास वाढले, पण ते फक्त माझ्या डब्यापुरते होते, कारण शेजारच्या डब्यातली वांग्याची भाजी त्यांना चालत होती. मी बघत राहिले. बघणं मला जमतं. एकदा मी मुद्दाम दुकानातले केळीचे वेफर्स नेले, पाकीट न फोडता. ते क्षणात संपले. आईचं लिंबाचं लोणचं छोट्या बरणीत नेलं, ते राहिलं. म्हणजे माझ्या हाताचं चालत होतं, आमच्या घरातलं चालत नव्हतं. नियम कुणी सांगितला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. इतका पाठ तर पाढाही नसतो.

संध्याकाळी घरी आले की आई ओट्याशी उभी राहून विचारायची, “बठ्ठं खपनं का?”

“हो, सगळं संपलं,” मी म्हणायचे.

ते खरं करायला मला दोन जणींचं जेवण एकटीला जेवावं लागे. शाळा सुटल्यावर मी सातवीच्या वर्गात थांबायचे, दार लोटून घ्यायचे आणि उरलेली भाजी नुसतीच खायचे. गार झालेली, कडेला तेल साचलेली. फेकायची हिंमत नव्हती, आमच्याकडे अन्न फेकत नाहीत. नोव्हेंबरपर्यंत अशी वेळ आली की सकाळी आईने फोडणी दिली की मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहायचे. मेथीच्या वासाने घशाशी यायचं. जी भाजी मी लहानपणी भांडून खायचे, तिची मला शिसारी बसली होती. त्या बायकांचा राग यायचा, पण या एका गोष्टीचा सगळ्यांत जास्त. त्यांची किळस त्यांच्याजवळ राहिली नाही, ती माझ्या तोंडात आली.

डिसेंबरच्या फळ्यासाठी शब्द काढायला बसले तेव्हा ‘डिसगस्ट’ समोर आला. त्यातल्या ‘गस्ट’चा अर्थ चव. आणि ‘डिस’ म्हणजे दूर, वेगळं, उलट. चव निघून जाणं. मी तो कागद बाजूला ठेवला.

बाकीचे शब्द मुलांना आवडले. ‘डिझास्टर’मध्ये तारा आहे, वाईट ग्रहाची दशा. एक मुलगी म्हणाली, टीचर, माझ्या आजीला साडेसातीचं इंग्रजी सांगते. ‘डिसीज’ म्हणजे आराम जाणं. ‘डिस्टन्स’ म्हणजे वेगवेगळं उभं राहणं. मग मी सांगितलं की ‘डिस’ दिसला की तो नेहमी नकाराचाच असतो असं नाही. ‘डिसायपल’ शिकण्यावरून आलाय. ‘डिस्मल’ हे लॅटिनमधल्या ‘वाईट दिवस’ या दोन शब्दांचं गाठोडं आहे. तिकडे कॅलेंडरात तसे दिवस खुणा करून ठेवत, आपल्या पंचांगासारखे. आणि ‘डिश’ आलीय गोल थाळीवरून, फेकायच्या चकतीवरून. यावर मागच्या बाकांवरून बशा फेकल्याचे आवाज आले. मी हसले. वर्गात मला बोलता येतं. मोठ्या माणसांत गेलं की मी नुसती ऐकत बसते.

शेवटचा शब्द ‘डिसपॅरेज’ होता. आज त्याचा अर्थ कमी लेखणं. पण बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता, आपल्याहून खालच्या दर्जाच्या घरात लग्न लावून देणं. ‘पॅरेज’ म्हणजे बरोबरीचं कूळ. बरोबरीच्या कुळातून बाहेर पडलं की माणूस उतरला. मी ते पुन्हा वाचलं. लहानपणी मी ज्यांना कुणाच्याच घरचे समजत होते त्या शब्दांनाही आडनाव विचारायची सवय होती. समुद्रापलीकडचे लोकसुद्धा पंगतीत कोण कुठे बसलं ते बघत होते, आणि त्याचा शब्द करून ठेवून विसरून गेले होते. मला हसूही आलं आणि ओकारीही आली.

फळा लावून झाल्यावर मोठ्या मॅडम आल्या. चष्मा वर करून त्यांनी सगळं वाचलं.

“हे लग्नाचं काढ गं,” त्या म्हणाल्या. “पालक येतात, वाचतात. कुळबीळ कशाला पोरांच्या डोक्यात? आपल्याकडे आता असलं काही राहिलंय का?”

मी टाचणी काढली. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. त्या रिकाम्या जागी मुख्याध्यापिकांनी ‘डिस्टिंक्शन’ लावायला सांगितलं.

त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी स्टाफला मळ्यात भरीत खायला बोलावलं. हिवाळ्यात आमच्याकडे ऑफिसं, बँका, शाळा सगळे कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात जातात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची. प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं ठरलं. मी कागदी ग्लास आणते म्हणाले.

घरी हे सांगायला नको होतं. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोण काय आणणार त्याची चर्चा चालली होती आणि आई शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकावत होती.

“ग्लास?” ती म्हणाली. “त्या इतकं खातीस मना हातनं, अन् तू ग्लास नेशी?”

तिने मांडे करायचे ठरवले. मी नको म्हणाले, भरिताबरोबर मांडे कोण खातं म्हणाले, त्रास होईल म्हणाले. तोवर तिने गहू भिजवून वाळवायला घातलेही होते. मांडे म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. पीठ वस्त्रगाळ लागतं, कणीक मळून मळून रबरासारखी करावी लागते. पुरण भरलं की लाटणं बाजूला. ती पोळी मग हातांवर घेऊन फिरवायची, मनगटावरून कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर, वाढत वाढत ती मोठ्या परातीएवढी होते. मग उलट्या ठेवलेल्या मातीच्या तापल्या खापरावर अलगद पसरायची. आई हे आजोळी शिकली, धुळ्याजवळ, तिच्या काकूकडून. जळगावला आल्यापासून तिने खापर माळ्यावरून काढलं नव्हतं.

रविवारी पहाटे तिने मागच्या अंगणात विटांची चूल मांडली. मी विस्तवाशी बसून बघत होते. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पीठ, आणि त्यावर ती पातळ पोळी थरथरत होती. इतकं सुंदर काही मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. आणि मला एकच दिसत होतं: ज्यांना आमच्या घरच्या ग्लासचीही शिसारी, त्यांच्यापुढे मी हे नेणार होते, जे तिच्या उघड्या हातांवर वाढलं होतं. मला त्या हातांकडे त्यांच्या डोळ्यांनी बघता येत होतं. ते मला जमायला नको होतं.

मळ्यात मोठ्या मॅडमनी डबा माझ्या हातातून घेतला. झाकण उघडलं आणि थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

“अगंबाई, मांडे. खापरावरचे?” त्या म्हणाल्या. “किती वर्षांनी बघतेय. थांब, आत नीट काढून ठेवते, इथे धूर लागेल.”

डबा घेऊन त्या शेडकडे गेल्या. मला वाटलं, झालं. मांड्यांनी केलं. काही पदार्थ असे असतात की माणूस बाकी विसरतो. आम्ही केळीच्या पानांवर जेवलो, सगळ्या एका रांगेत. मोठ्या मॅडमनी स्वतः मला वाढलं. पानाचं एक बरं असतं, जेवण झालं की टाकून देता येतं, पण हे तेव्हा सुचलं नाही. भरीत छान झालं होतं. गणिताच्या मॅडमनी मला एका नणंदेची गोष्ट सांगितली, मी मोठ्याने हसले. गोडाचं काही आलं नाही, तेव्हा वाटलं मागाहून येईल. थोड्या वेळाने मॅडमनी माझा डबा आणून दिला. जड होता. आत त्यांचं भरीत होतं आणि वर चार पुऱ्या.

“तुमच्याकडेही पद्धत असेलच,” त्या म्हणाल्या. “भांडं रिकामं परत देऊ नये. मांडे सगळे संपले हो, चुलीवरच्या बायकांनीसुद्धा घेतले. आईंना सांग.”

त्या वेळी मला त्या आवडल्या. हे लिहायला लाज वाटते, पण आवडल्या.

मग मी हात धुवायला शेडच्या मागे हौदावर गेले. तिथे म्हैस बांधली होती. तिच्या गव्हाणीत सरकीच्या ढेपेवर मांडे पडले होते. नुसते टाकलेले नव्हते, घडी घातलेले जसेच्या तसे, आईने जशी घातली होती तशी चौकोनी घडी, एकावर एक. म्हैस वरचा ओढत होती. पुरण तिच्या नाकाला लागलं होतं. मळ्यात कामाला असलेला एक माणूस पाण्याची बादली घेऊन आला, मला बघून जरा थांबला.

“शिळं आहे, म्हशीले घाल म्हने मॅडम,” तो म्हणाला. “वास तर चांगला येतो.”

मी हात धुतले. पुन्हा धुतले. माझ्या बोटांना त्यांच्या भरिताचा वास येत होता आणि तो जात नव्हता. मला त्यांनी मांडे खाल्ले नाहीत याची तितकी किळस आली नाही, तिची सवय झाली होती. किळस आली ती त्या परत भरलेल्या डब्याची. भांडं रिकामं देऊ नये, इतका संस्कार त्यांच्यात होता. त्यांनी तो पाळला, मोजून चार पुऱ्यांनी पाळला. एका हाताने गव्हाणीत आणि दुसऱ्या हाताने डब्यात, आणि दोन्ही हात स्वच्छ. येताना गाडीत तो गरम डबा माझ्या मांडीवर होता. मोठ्या मॅडम पुढच्या सीटवरून सगळ्यांना केळी वाटत होत्या. मी घेतलं नाही. पित्त झालंय म्हणाले.

घरी आई दारातच उभी होती. तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि त्याच्या वजनावरूनच तिचा चेहरा फुलला.

“भरी दिधा!” ती म्हणाली. आत जाऊन तिने झाकण उघडलं, वास घेतला, वडिलांना हाक मारली. मग पुरीचा तुकडा मोडला. तो भरिताला लावून तिने तोंडाजवळ नेला आणि मला विचारलं, “मांडा बठ्ठा खपनात का?”

हो म्हणणं सोपं होतं. चार महिने म्हणतच आले होते. पण तो घास तिच्या तोंडाजवळ होता, आणि ती खूश होऊन तो खाणार होती, आणि ते मला बघवलं नसतं.

“त्यांनी नाही खाल्ले आई,” मी म्हणाले. “म्हशीला घातले.”

मग सगळंच सांगितलं. चमचे, वेफर्स, लसूण, सातवीचा वर्ग. पाण्याचा ग्लास. ‘शिळं’ हा एक शब्द तेवढा गिळला, तो आजही तिला माहीत नाही. वडील दारात उभे होते, ते ऐकून आत निघून गेले. आईने तुकडा हातात तसाच धरला होता.

“म्हैसनी खादात का?” तिने विचारलं.

“हो.”

“बठ्ठा?”

“मी पाहिलं तेव्हा खात होती.”

“मंग वाया नई ग्यात,” ती म्हणाली. हातातला तुकडा तिने तोंडात टाकला, शांतपणे चावला. “मीठ कमी शे,” म्हणाली आणि झाकण लावलं. खापर अजून अंगणात होतं. ती बाहेर गेली आणि ते घासत बसली. खापर घासायचं नसतं, नुसतं पुसायचं असतं, हे तिनेच मला शिकवलं होतं.

सोमवारी तिने मला एकच छोटा डबा दिला. “तुनापुरतं शे,” म्हणाली. शाळेत जाऊन मी आधी फळ्यापाशी गेले आणि पर्समधली ‘डिसपॅरेज’ची चिठ्ठी काढून ‘डिस्टिंक्शन’च्या बाजूला लावली. मधल्या सुट्टीत टेबलाशी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले. सगळ्यांनी डबे मधे सरकवले. मी माझा सरकवला नाही, माझ्यासमोरच उघडला.

मोठ्या मॅडमनी ते पाहिलं असावं, कारण त्या जरा जास्तच गोड आवाजात म्हणाल्या, “आईंना निरोप दिला ना गं? मांडे काय सुरेख होते.”

“दिला मॅडम,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, फार मोठा आला. “म्हशीने आवडीने खाल्ले, असंही सांगितलं.”

कुणीतरी खोकलं. गणिताच्या मॅडम मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या. मोठ्या मॅडमनी चमचा खाली ठेवला आणि आपल्या डब्याचं झाकण शोधायला लागल्या. झाकण त्यांच्या हाताशीच होतं.

एप्रिलनंतर मला इथे ठेवतील की नाही माहीत नव्हतं, अजूनही नाही. मी पोळीचा तुकडा मोडला. मेथीची भाजी होती. लसूण जरा जास्त पडला होता. मी डबा संपवला.